गर्दीचे गणित

दहावीच्या निकालाचा दिवस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ठरलेली वेळ होते, मुले शाळेतल्या संगणकाभोवती किंवा कुणाच्या तरी मोबाइलभोवती गोळा होतात, बैठक क्रमांक भरतात, आणि पडद्यावर काहीच येत नाही. मग जो तो पुन्हा पुन्हा कळ दाबू लागतो. यंत्र बिघडले, असे आपण म्हणून टाकतो. पण एरवी निमूटपणे चालणारी यंत्रणा नेमकी त्याच तासाला का अडते? या प्रश्नाचे उत्तर संगणकाहूनही जुने आहे. ते शोधणारा गणिती आधी शाळामास्तर होता, याचे आम्हाला विशेष अप्रूप वाटते.

आग्नर क्रारुप एर्लांग यांचा जन्म १८७८ साली डेन्मार्कमधील एका खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत शिक्षक होते. कोपनहेगन विद्यापीठातून १९०१ साली पदवी घेतल्यावर एर्लांग यांनी काही वर्षे शाळांतून शिकवले. गणितज्ञांच्या सभांना ते आवर्जून जात. तेथे कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील अभियंते आणि गणिती योहान येन्सेन यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि १९०८ साली ते त्या कंपनीत रुजू झाले.

कंपनीपुढचा प्रश्न रोकडा होता. दोन केंद्रांमध्ये तारा किती टाकायच्या? कमी टाकल्या तर फोन लागत नाही. जास्त टाकल्या तर तांबे आणि पैसा वाया जातो. १९०९ साली एर्लांग यांनी दाखवले, की एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांचे फोन पॉइसाँ यांच्या संभाव्यतेच्या नियमाप्रमाणे येतात. मिनिटाला सरासरी पाच फोन येतात, याचा अर्थ दर मिनिटाला पाचच येतात असा नव्हे. कधी दोन येतील, कधी नऊ. सरासरीपुरती सोय केली, तर नऊ येतील तेव्हा चौघांची पंचाईत ठरलेलीच.

१९१७ साली त्यांनी तारा अपुऱ्या पडण्याची संभाव्यता काढणारे सूत्र प्रसिद्ध केले. त्यात आकडे घालून पाहू. सरासरी पाच तारा गुंतून राहतील एवढी मागणी आहे आणि तारा दहा आहेत; तर शंभरातले सुमारे दोन फोन लागणार नाहीत. आता असे दोन गट एकत्र करू. मागणी दहा, तारा वीस. प्रमाण तेच, पण आता हजारातले सुमारे दोनच फोन अडतात! एका गटात गर्दी असताना दुसऱ्यात जागा मोकळी असते, हे त्याचे कारण.

याच गणिताची दुसरी बाजू रांगेची. एकच खिडकी आहे, माणसे यदृच्छया येतात आणि प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त वेळ लागतो, असे धरू. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर रांगेसकट लागणारा वेळ नुसत्या कामाच्या सरासरी वेळेच्या दुप्पट होतो. ती ९० टक्के वेळ गुंतली तर दसपट आणि ९९ टक्के गुंतली तर शंभरपट! गर्दी थोडीशीच वाढते, खोळंबा मात्र भरमसाट वाढतो.

एर्लांग १९२९ साली वारले. पुढे १९४६ साली दूरध्वनीवरील भाराच्या एककाला 'एर्लांग' हे नाव मिळाले. आजची मोठी संकेतस्थळे तोच धडा गिरवतात. तेथे एका संगणकाऐवजी अनेक संगणक असतात आणि दाराशी बसलेला एक संगणक येणारी मागणी त्यातल्या मोकळ्या संगणकाकडे धाडतो. वीस तारांचा एक गट, तो हाच. शिवाय वारंवार मागितल्या जाणाऱ्या पानांच्या प्रती निरनिराळ्या गावी ठेवतात, म्हणजे सगळा लोंढा एकाच दारी येत नाही. तिसरा उपाय काम हलके करण्याचा. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेतील हल्ल्यांनंतर बातम्यांसाठी झुंबड उडाली, तेव्हा सीएनएनने आपल्या मुखपृष्ठावरील चित्रे व सजावट काढून ते अगदी साधे केले.

हे सारे वर्गात करून पाहता येईल. एक फासा आणि मूठभर चिंचोके घ्या. फाशावर पडेल तितके चिंचोके रांगेत मांडा आणि दर खेपेला जास्तीत जास्त चार उचला. दर खेपेला सरासरी साडेतीनच येतात, म्हणजे चार पुरायला हवेत. तरीही रांग लागते, कधी कधी चांगलीच लांबते. मग चाराऐवजी पाच उचलून पाहा. रांग जवळजवळ नाहीशी होते. हा जादा एक म्हणजे उधळपट्टी नव्हे, हे मुलांना आपोआप उमगेल.

शेवटी पुन्हा चारवर या आणि एक नियम वाढवा: रांग उरली, की पुढच्या खेपेला दोन चिंचोके जास्त टाकायचे. निकालाच्या दिवशी अधीर होऊन पुन्हा पुन्हा कळ दाबणारी मुले तीच. एकदा रांग लागली की ती बहुधा हटत नाही, वाढतच जाते. असे का होते, हे मात्र मुलांनाच सांगू द्यावे.