तळटीप : ‘कार्लो खान’

१२. कार्लो खान – हा कोणी पठाण सरदार नव्हे. हा इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री चार्ल्स जेम्स फॉक्स. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संचालकांकडून काढून सात आयुक्तांच्या हाती देणारे विधेयक त्याने नोव्हेंबर १७८३ मध्ये पार्लमेंटात मांडले. आयुक्त त्याच्याच गोटातले; तेव्हा हिंदुस्थानातल्या नेमणुकांचा मलिदा कोणाच्या पानात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ५ डिसेंबरला जेम्स सेयर्सचे चित्र लंडनमध्ये विक्रीला आले. त्यात पगडी घातलेला फॉक्स, म्हणजेच ‘कार्लो खान’, हत्तीवरून लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीकडे विजयी थाटात निघाला आहे. हत्तीचे तोंड लॉर्ड नॉर्थचे. (याच नॉर्थची फॉक्सने वर्षानुवर्षे सालटी काढली होती, आणि आता दोघे एकाच मंत्रिमंडळात!) पुढे एडमंड बर्क कर्णा फुंकतो आहे, कर्ण्याला बंगालचा नकाशा लटकतो आहे. निशाणावरचे ‘जनतेचा माणूस’ हे शब्द खोडून तिथे ग्रीकमध्ये ‘राजाधिराज’ लिहिले आहे. चित्राचा खरा डंख या खोडाखोडीत आहे. १७ डिसेंबरला उमरावांच्या सभागृहात विधेयक पडले आणि तिसऱ्या जॉर्जने मंत्रिमंडळालाच घरी पाठवले. या पाडावाचे श्रेय चित्राला देण्याची रीत आहे, पण राजाने उमरावांवर आणलेले दडपण त्याहून भारी ठरले. सेयर्सचे मात्र भले झाले. नवा पंतप्रधान धाकटा पिट याने त्याला एक्स्चेकर न्यायालयात पद दिले.