पडद्यावरची नागली, ताटातली नागली
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

हल्ली आपल्या बैठकांत हप्त्याचा हिशेब झाला की मोबाइलवरच्या कार्यक्रमांचा विषय निघतो. कुणाच्या मुलीने घरी दाखवलेलं असतं, एक नट गावोगाव फिरतो, कुणाच्या तरी चुलीपुढे बसून भाकर खातो आणि म्हणतो, असं जगायला शिकलं पाहिजे. मग एखादी काकू म्हणते, "अगं, हे तर आपण रोजच खातो, यात बघायचं काय?" सगळ्या हसतात. पण काकूंचा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. आपल्यासारख्यांचं जेवण, पाणी, शेती बघायला नावाजलेली माणसं कधीपासून येऊ लागली, त्यांनी आपल्यात काय पाहिलं आणि आपल्या हाती काय राहिलं, याचा एक इतिहास आहे. आज तोच सांगते.

सुरुवात एका परदेशी कार्यक्रमापासून करू, कारण मुली तोच जास्त बघतात. जुलै 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, नेटफ्लिक्सवर 'डाऊन टू अर्थ' नावाची मालिका आली. झॅक एफ्रॉन हा अमेरिकेतला सिनेमानट त्यात आठ भागांत आठ ठिकाणी फिरतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर शंभरी गाठलेली माणसं बरीच आहेत, म्हणून ती काय खातात ते तो बघतो. पेरू देशात जुन्या पिकांच्या जाती कशा जपतात ते बघतो. वीज कशी करावी, पाणी कसं प्यावं, अन्न कसं पिकवावं, असे त्याचे प्रश्न आहेत. 2022 मध्ये याच मालिकेचा दुसरा भाग आला, तो ऑस्ट्रेलियातला.

फिरत फिरत लोकांना चांगलं जगणं सांगायचं, ही रीत आपल्याकडे मात्र टीव्हीच्या फार आधीची आहे. गाडगेबाबा (1876 ते 1956) गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात स्वच्छतेचं, कर्ज न काढण्याचं, मुलांना शाळेत घालण्याचं सांगत. त्यांच्या नावाने 2000 साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, ते आपल्यातल्या कितीतरी जणींना आठवत असेल. आपल्याच जिल्ह्यात 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला गेल्या. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर न्यायची, असं त्यांनी ठरवलं आणि अंगणवाडीची वाट घालून दिली. अनुताई 1992 साली वारल्या, तोवर हेच काम करत राहिल्या. ही माणसंही नावाजलेली होती. पण बघून परत जायला ती आली नव्हती.

आता टीव्हीकडे येऊ. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम घरोघरी माहीत झाला, म्हणजे जिथे टीव्ही होता तिथे. आपल्या बऱ्याच पाड्यांवर तेव्हा वीजसुद्धा नव्हती. ते साल मोठ्या दुष्काळाचं होतं. धान्य कमी होतं, म्हणून त्या काळच्या सरकारी सल्ल्याचा सगळा भर संकरित बियाणं, खत आणि जास्त उत्पादन यांवर होता. नागली, वरई यांना कागदोपत्री 'भरड धान्य' म्हणत. ज्याला भात मिळत नाही त्याने खायचं ते, असा त्याचा अर्थ लोकांच्या मनात बसला. आपल्या आज्यांच्या वेळेला पाहुणा आला की नागलीची भाकर झाकून ठेवत आणि उसना तांदूळ आणून भात रांधत. ती लाज इथूनच आली.

पुढे 1990 च्या दशकात दूरदर्शनवर 'सुरभि' आलं. सिद्धार्थ काक आणि आपली मराठी रेणुका शहाणे ते सादर करत. देशभरातल्या कला, कारागीर, सण, खाणंपिणं त्यात दिसे. शेवटी प्रश्न विचारत आणि लोक पोस्टकार्डावर उत्तर पाठवत. पत्रं इतकी येत की टपाल खात्याला अशा स्पर्धांसाठी वेगळं, महागडं कार्ड काढावं लागलं. 'सुरभि'ने एक चांगलं केलं, खेड्यातल्या माणसाकडे कौतुकाने बघायला शहराला शिकवलं. पण कौतुकाने पोट भरत नाही, आणि त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते विसरता येणार नाही.

1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभराहून जास्त मुलं गेली. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. मुंबईपासून एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर मुलं भुकेने मरतात, हे ऐकून सगळा महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, अधिकारी आले, कॅमेरे आले. जव्हार-मोखाड्याचं नाव देशाला कळलं ते असं. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. पण 2016 साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी आपला भाग पुन्हा बातम्यांत आला. म्हणजे एका बाजूला कॅमेरा गावाचं कौतुक करत होता आणि दुसऱ्या बाजूला तोच कॅमेरा आपली भूक टिपत होता. दोन्ही वेळा बोलणारा बाहेरचा होता. आई काय म्हणते, कणगीत किती धान्य उरलंय, दिवाळीनंतर घर वीटभट्टीवर का जातं, याला कार्यक्रमात वेळ नव्हता.

मग 2012 साली आमीर खानचा 'सत्यमेव जयते' आला. रविवारी सकाळी तो स्टार प्लसवर आणि दूरदर्शनवर एकाच वेळी लागे. एक भाग अन्नातल्या विषारी औषधांवर होता, एक पाण्यावर. इथपर्यंत तो इतरांसारखाच, बघून हळहळायचा कार्यक्रम होता. पण पुढे जे घडलं ते वेगळं आहे. 2016 साली आमीर खान आणि किरण राव यांनी पाणी फाउंडेशन काढलं आणि 'वॉटर कप' ही गावांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते. पहिला नंबर सातारा जिल्ह्यातल्या वेळू गावाचा आला. 2017 साली तालुके तीस झाले आणि वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा जिंकलं. या कामाची गोष्ट 'तुफान आलंया' या कार्यक्रमातून टीव्हीवर आली आणि मराठी कलाकार गावोगाव श्रमदानाला दिसू लागले.

इथे नीट लक्ष द्या. नट आला म्हणून पाणी अडलं नाही. स्पर्धेच्या आधी गावातल्या निवडक बाया-माणसांना प्रशिक्षण होतं. उतार कसा मोजायचा, समतल चर कसा आखायचा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम का करायचं, हे त्यांनी शिकून घेतलं आणि गावाला शिकवलं. मग भर उन्हाळ्यात 45 दिवस श्रमदान. शेवटी काम मोजून गुण. म्हणजे शिकणं गावाचं, घाम गावाचा आणि मोजमाप सगळ्यांसमोर. नटाच्या नावाने माणसं गोळा झाली, हा त्याचा वाटा. तो छोटा नाही, पण तेवढाच.

आणि नुसतं पाणी साठवूनही भागत नाही, हेही पुढे दिसलं. पाणी कोणत्या पिकाला घालायचं हे ठरलं नाही तर चार वर्षांत विहीर पुन्हा तळ गाठते. म्हणून 2020 पासून त्याच संस्थेने समृद्ध गाव स्पर्धा घेतली, त्यात पाण्याचा ताळेबंद, माती, गवत, झाडं असे विषय आले. 2022 पासून गटशेतीची फार्मर कप स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे पाऊस पडतो दुष्काळी भागाच्या कितीतरी पट, तरी एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडा आणि टँकरची वाट असतेच. त्यामुळे ही गोष्ट आपल्याही कामाची आहे.

आता नागलीकडे परत येऊ. 2018 साली केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी यांना 'पौष्टिक धान्य' म्हणायचं ठरवलं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना 'श्री अन्न' असं नाव मिळालं. ज्या भाकरीची लाज वाटत होती, तिची जाहिरात नट-नट्या करू लागल्या. धान्य तेच आहे, नाव बदललं. त्यातला गुणही पूर्वीपासूनचाच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. वाढत्या मुलाच्या आणि बाळंतिणीच्या हाडांना ते लागतं.

पण शहरात नाचणीचं कौतुक वाढलं तेव्हा आपल्या ताटात काय होतं? नागलीला राब भाजावा लागतो, उतारावर रोप लावावं लागतं, कापणी, झोडणी, दळण, सगळं बाईच्या अंगावर. त्यात 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये किलो मिळू लागला आणि 2023 पासून तर फुकट. रेशनने भुकेच्या दिवसांत पुष्कळ घरं तारली, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण वरकस जमीन पडीक राहू लागली आणि जी थोडी नागली होते तीही भाव आला की आधी बाजारात जाते. घरात पोर भात आणि पातळ डाळीवर. उद्या असं व्हायला नको की शहरातली बाई पाकीट फोडून आपली नागली खाते आणि आपल्या पोराचं वजन अंगणवाडीच्या तक्त्यावर लाल रेघेत.

दुसरी गोष्ट आपल्या माहितीची. मध्ये जवळच्या एका पाड्यावर मोबाइलवाले चित्रीकरणाला आले. बायांनी पहाटे रानात जाऊन शेवळं, टाकळा, बांबूचे कोंब आणले, घरच्या तेला-मिठात दहा माणसांचा स्वयंपाक केला. चित्रीकरण झालं, मंडळी जेवून गेली. पुढे तो व्हिडिओ आला तेव्हा त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं, मोबदल्याचं तर कुणी बोललंच नव्हतं. आणि शेवळाच्या भाजीत काकडं घालतात हेच त्यांनी कापून टाकलं होतं. काकडाचा आंबटपणा नसेल तर शेवळाने घसा खाजतो, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. व्हिडिओ बघून शहरात कुणी केली असेल भाजी, तर त्याची काय गत झाली असेल! बाईचं नाव गाळलं की तिचं ज्ञानही अर्धवट जातं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की येणाऱ्याला हाकलू नका, पण आपला हिशेब आधी करा. येत्या बैठकीत हे मुद्दे घ्या आणि ठराववहीत लिहा.

पहिला, चित्रीकरणाला कुणी आलं तर बोलणं गटाशी होईल, एकट्या बाईशी नाही. स्वयंपाकाचा आणि दिवसाच्या मजुरीचा पैसा आधी ठरेल. नाव, गाव बरोबर यायला हवं, आणि ज्या बाईला कॅमेऱ्यासमोर यायचं नाही तिला कुणी भरीस घालणार नाही.

दुसरा, भाजीची, बियाण्याची माहिती द्यायची तर पूर्ण द्यायची आणि आधी आपल्याच मुलींना द्यायची. गावठी नागलीचं आणि वरईचं बी कुणाकडे किती आहे, याची यादी करा.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. यंदा नागली घरी आली की विकण्याआधी घरातली माणसं मोजा. पोरं, गरोदर सून, म्हातारी माणसं, सगळ्यांची वर्षाची भाकर आणि आंबील धरून पायल्या बाजूला काढा. उरेल ती गटामार्फत एकत्र विका, म्हणजे भावही नीट मिळेल. जिचं रान पडीक आहे तिला गटातून बी उसनं द्या, पुढच्या वर्षी ती सवाई परत करेल.

प्रत्येक गटाने आपल्या पाड्यावर किती घरांत वर्षभराची नागली पुरते ते मोजून पुढच्या महिन्याच्या बैठकीला आणा. ते आकडे आपण याच रेडिओवर वाचून दाखवू, आपल्याच बायांच्या आवाजात.