मेडिकल कोडिंग शिकायचंय? रत्नागिरीतून पहिली नोकरी मिळवताना सर्टिफिकेटपेक्षा सराव का महत्त्वाचा?

समजा, एप्रिल महिना आहे. रत्नागिरीजवळच्या एका बागेत आंबे काढताना एक माणूस झाडावरून पडला. उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड ओढून जागेवर बसवलं, प्लास्टर घातलं आणि केसपेपरवर चार ओळी लिहिल्या.

हाच माणूस अमेरिकेत पडला असता, तर त्या चार ओळींचे कोड तयार झाल्याशिवाय विमा कंपनीने हॉस्पिटलला पैसे दिले नसते. असे कोड लावण्याचं बरंच काम चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरू, नवी मुंबई आणि पुण्यातल्या ऑफिसांमध्ये चालतं. यालाच मेडिकल कोडिंग म्हणतात.

बीएस्सी, बीफार्म किंवा नर्सिंग झालेल्या मुलामुलींना या क्षेत्राच्या जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. 'तीन महिन्यांत कोर्स, नोकरीची १०० टक्के हमी' असं त्यात लिहिलेलं असतं. घरचे फीसाठी पैसे काढतातही. पण कोर्स संपल्यावर मुलाखतीत समोर एक केसपेपर ठेवला जातो आणि 'याचे कोड सांगा' म्हटलं जातं. अनेकांची गाडी इथेच अडते.

कोडिंग आणि बिलिंग यात फरक काय?

कोडर रुग्णाचे कागद वाचतो आणि त्यातल्या आजाराला व उपचाराला कोड देतो. आजाराचा कोड आयसीडी-१० या यादीतून येतो. मूळ यादी जागतिक आरोग्य संघटनेची आहे. अमेरिकेने तिची स्वतःची विस्तारित आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. उपचाराचा कोड सीपीटी या पाच अंकी यादीतून येतो. ही यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आहे.

सोप्या भाषेत, आयसीडी सांगतं 'का केलं' आणि सीपीटी सांगतं 'काय केलं'. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

त्यापुढचं काम बिलरचं. क्लेम पाठवणं, आलेले पैसे नोंदवणं, नाकारलेल्या क्लेमचं कारण शोधणं आणि थकलेल्या रकमेचा पाठपुरावा करणं. पाठपुरावा करणाऱ्याला 'एआर कॉलर' म्हणतात. हे काम फोनवरचं असतं, त्यामुळे अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करावी लागते आणि बोलण्यापुरतं चांगलं इंग्रजी लागतं.

आंब्याच्या झाडावरून पडलेल्याचे कोड कसे लावायचे?

आता तोच केसपेपर अमेरिकन पद्धतीने सोडवून पाहू.

डॉक्टरांनी 'उजव्या हाताचं कॉलीस फ्रॅक्चर' असं स्पष्ट लिहिलं असेल, तर कोड होतो एस५२.५३१ए. फक्त 'उजव्या रेडियसच्या खालच्या टोकाला फ्रॅक्चर' एवढंच लिहिलं असेल, तर एस५२.५०१ए. एक्स-रे पाहून 'हे कॉलीसच दिसतंय' असं कोडरला वाटलं, तरी तसं लिहिता येत नाही. जे कागदावर नाही, ते कोडरसाठी घडलेलंच नाही.

शेवटचा 'ए' म्हणजे उपचार अजून सुरू आहेत. प्लास्टर झाल्यावर हाड नीट जुळतंय का, हे दाखवायला रुग्ण पुन्हा आला की तिथे 'डी' येतो. फ्रॅक्चरमध्ये जखम उघडी की बंद, हे लिहिलेलंच नसेल, तर नियमानुसार ते बंद धरायचं.

झाडावरून पडण्यालाही वेगळा कोड आहे: डब्ल्यू१४.एक्सएक्सएक्सए. मधले तीन 'एक्स' फक्त जागा भरण्यासाठी असतात, कारण 'ए' हे अक्षर सातव्याच जागी यायला हवं. हा कोड आधी लिहायचा नाही. आधी दुखापत, मग तिचं कारण.

आता उपचार. हाड न हलवता प्लास्टर घातलं असेल तर २५६००. ओढून जागेवर बसवलं असेल तर २५६०५. दुसऱ्या कोडला पैसे जास्त मिळतात. म्हणून 'जागेवर बसवलं' हे दोन शब्द कागदावर आहेत की नाहीत, यावर सगळं ठरतं. ते नसताना २५६०५ लावणं म्हणजे न केलेल्या कामाचं बिल लावणं. मनगटाच्या एक्स-रेचे दोन फोटो असतील तर ७३१००, तीन किंवा जास्त असतील तर ७३११०.

एका मोडलेल्या हातात एवढे निर्णय आहेत. हे पाठांतराने जमत नाही.

प्रत्यक्ष सराव म्हणजे नेमकं काय?

चांगल्या प्रशिक्षणात चार टप्पे पुन्हा पुन्हा होतात. नाव-पत्ता काढून टाकलेला खरा केसपेपर मिळतो. तुम्ही स्वतः कोड लावता. अनुभवी कोडर ते तपासतो. आणि चूक का झाली, हे नियम दाखवून सांगतो. तिसरा आणि चौथा टप्पा नसेल, तर तो क्लास फक्त व्हिडिओ दाखवतोय असं समजा.

कंपन्यांमध्ये साधारणपणे ९५ टक्के अचूकता मागितली जाते आणि रोजच्या केसपेपरची संख्याही ठरलेली असते. वेग आणि अचूकता एकत्र येण्यासाठी हाताला सवयच लागते.

सुरुवात घरबसल्या फुकटात करता येते. आयसीडी-१० ची अमेरिकन यादी आणि तिची अधिकृत नियमावली तिथल्या सरकारी वेबसाइटवर मोफत आहे. 'एमटी सॅम्पल्स' या वेबसाइटवर नमुन्याचे वैद्यकीय रिपोर्ट वाचायला मिळतात. रोज पाच रिपोर्ट घ्या, वहीत कोड आणि त्यापुढे कारण लिहा. महिनाभर हे केल्यावर कंटाळा आला नाही, तरच फीचा विचार करा.

सीपीसी परीक्षा द्यावी का?

सीपीसी हे 'एएपीसी' या अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्र आहे. १०० प्रश्न, चार तास, पास होण्यासाठी ७० टक्के. कोडची पुस्तकं सोबत नेता येतात, म्हणजे परीक्षा पुस्तकात पटकन शोधण्याची आहे.

पण जाहिरातीत एक गोष्ट सहसा नसते. अनुभव नसलेल्याला पास झाल्यावर 'सीपीसी-ए' मिळतं. हा 'ए' म्हणजे अप्रेंटिस. तो काढण्यासाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो, किंवा एक वर्षाचा अनुभव आणि ८० तासांचं प्रशिक्षण. म्हणजे परीक्षा घेणारी संस्थाही सांगते की नुसत्या परीक्षेने कोडर पूर्ण होत नाही.

रत्नागिरीत राहून काय शिकता येईल?

अमेरिकन कोडिंगची मोठी ऑफिसं मोठ्या शहरांत आहेत. पण हॉस्पिटलच्या बिलिंगचा अनुभव जिल्ह्यातही मिळू शकतो. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. रत्नागिरी शहरात २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शिवाय कॅशलेस सुविधा देणारी खासगी हॉस्पिटलं आहेत.

कॅशलेस डेस्कवर रोजचं काम असतं: उपचारांची पूर्वमंजुरी मागणं, विमा कंपनीच्या शंकांना उत्तर देणं, डिस्चार्ज कार्ड आणि बिल जुळवणं. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे निर्देश विमा कंपन्यांना दिले. त्यामुळे कागद पहिल्याच फेरीत बिनचूक पाठवणाऱ्या माणसाची गरज हॉस्पिटलला असते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही प्रत्येक उपचार ठरलेल्या पॅकेजमध्ये बसवावा लागतो. तिथले कोड अमेरिकेपेक्षा वेगळे आहेत. पण केसपेपर वाचणं, डॉक्टरांचं अक्षर आणि संक्षेप ओळखणं, क्लेम का परत आला हे शोधणं ही कौशल्यं तीच.

राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आस्थापनेत काम शिकताना बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरवण्यात आलं. सध्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये जागा आहेत, हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारता येईल.

घरून काम मिळेल का?

अनुभवानंतर मिळू शकतं. पहिल्याच नोकरीत ते गृहीत धरू नका. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेसाठी अमेरिकेत १९९६ चा 'हिपा' कायदा आहे, आणि नवख्याचं काम रोज तपासावं लागतं. त्यात पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे पहिली एक-दोन वर्षं चाकरमानी होण्याची तयारी ठेवा, आणि पगार ऐकताना नवी मुंबई-पुण्यातलं खोलीभाडं त्यातून वजा करून पाहा.

एआयमुळे हे काम संपेल का?

साध्या, ठरावीक रिपोर्टचे कोड आता सॉफ्टवेअर सुचवतं. त्यामुळे नवख्याचं काम कोड शोधण्याकडून सुचवलेला कोड तपासण्याकडे सरकतंय. 'जागेवर बसवलं' हे शब्द नसताना सॉफ्टवेअरने २५६०५ सुचवला, तर तो अडवणारा माणूस लागतोच. ज्याने सराव केलाय, त्यालाच ती चूक दिसते.

फी भरण्याआधी विचारा:

- पूर्ण कोर्समध्ये मी स्वतः किती केसपेपर सोडवणार?
- ते कोण तपासणार आणि त्या व्यक्तीला कोडिंगच्या कामाचा किती अनुभव आहे?
- पुस्तकं चालू वर्षाची आहेत का? आयसीडीचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात.
- परीक्षेची फी आणि पुस्तकं कोर्सच्या रकमेत आहेत की वेगळी?
- 'नोकरीची हमी' लेखी देणार का? नोकरी नाही मिळाली तर किती पैसे परत?
- मागच्या बॅचमधल्या दोघांशी मला बोलता येईल का?

आणि नोकरी देण्यासाठी कोणी डिपॉझिट मागत असेल, तर तिथून सरळ बाहेर पडा.

शंका असेल तर एक सोपी चाचणी घ्या. फी भरण्याआधी क्लासमध्ये आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाची ही केस सांगा आणि ती तुमच्यासमोर सोडवायला सांगा. शिकवणाऱ्याने पुस्तक उघडलं, 'डॉक्टरांनी नेमकं काय लिहिलंय?' असं उलट विचारलं, तर तिथे शिकण्यासारखं काहीतरी आहे.