हशाविना विनोद

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, २६ ऑगस्टला कलकत्त्याचे. नभोवाणीच्या त्या आरंभकाळातील करमणुकीचा विचार करताना संगीत आणि विनोद यांची नावे आपण एका दमात घेतो. वस्तुतः या दोहोंची नव्या माध्यमाशी पडलेली गाठ सर्वस्वी निराळी होती.

संगीत आधीच सिद्ध होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून, समोर मैफल नसताना मोजक्या मिनिटांत गाण्याचा सराव अनेक गायकगायिकांना झाला होता. विनोदाची अशी पूर्वतयारी नव्हती. तमाशातला सोंगाड्या काय किंवा रंगभूमीवरचा विनोदी नट काय, प्रेक्षकांच्या हशावर आपल्या पुढच्या वाक्याची वेळ साधत असे. ध्वनिक्षेपणाच्या खोलीत चेहरा दिसत नाही आणि हशा ऐकू येत नाही. नटाची निम्मी साधने तेथे निरुपयोगी ठरली. त्यांची भरपाई लेखकाला शब्दांतून करावी लागली.

दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले. उर्दूतील श्रेष्ठ विनोदकार पतरस बुखारी नभोवाणीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत होते. १९४१-४२ च्या सुमारास सआदत हसन मंटो, कृष्णचंदर आणि उपेंद्रनाथ अश्क हे तिघेही अलीपूर रोडवरील कार्यालयात लेखनाची नोकरी करीत होते. मंटोंनी नभोवाणीसाठी लिहिलेली 'आओ' ही श्रुतिकामाला या दृष्टीने लक्षणीय आहे. 'आओ ताश खेलें', 'आओ झूठ बोलें', 'आओ रेडियो सुनें' अशी तिच्यातील शीर्षके. मुख्य पात्रे तीन: किशोर, त्याची पत्नी लाजवंती आणि मित्र नारायण. राजवाडा नाही, पडदे नाहीत; आहे ते एक मध्यमवर्गीय घर आणि त्यातली शाब्दिक झटापट. ज्या घरात रेडिओ ठेवलेला, तसलेच घर रेडिओतून बोलू लागले. नाट्यगृहातील सामुदायिक हशाची जागा यंत्राभोवती बसलेल्या चारपाच माणसांच्या हसण्याने घेतली. पुढे मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'मधील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी मराठी घरांत आप्तांसारखे वावरले, तेही पतिपत्नी आणि घरोब्याचा मित्र याच त्रिकोणातून.

या लेखनाकडे स्वतः मंटो पोटापाण्याच्या निकडीतून झालेले काम म्हणून पाहत. वाङ्मयेतिहासानेही त्यांच्या कथांपुढे त्याला दुय्यमच मानले. परंतु त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि बोललेला शब्द त्याच रात्री विरून जाई. 'इंडियन लिसनर'सारख्या कार्यक्रमपत्रिकांत वेळा आणि नावे सापडतात. त्या घरांतले हसू सापडत नाही. ते कोठे अपेक्षित होते एवढे तरी छापलेल्या संहिता सांगतात. म्हणून श्रुतिकेची वही ही केवळ नोकरीतली कामगिरी नव्हे. आपल्या शहरी मध्यमवर्गाने घरात बसून स्वतःला हसायला कधी सुरुवात केली, याचा तो हाती उरलेला पुरावा आहे.