कवी सभेत काय वाचतो

आमच्या पेडणे-डिचोलीकडे कवितेचं पुस्तक विकत घेणारे तेव्हाही मोजकेच होते, ऐकणारे मात्र पुष्कळ. श्रावणात देवळात पोथी, उत्सवाला कीर्तन, जत्रेला रात्रभर दशावतार. कान असा तयार झालेला. त्यामुळे कवीनं छापलं काय, यापेक्षा सभेत म्हटलं काय, यावरच त्याची ओळख ठरायची.

पोर्तुगीज अमदानीत तेही सोपं नव्हतं. सालाझारच्या काळात छापील मजकूर सेन्सॉरकडे जायचा, सभेला परवानगी लागायची. लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे, असं आमचे वडीलधारे सांगत. १९६१ च्या डिसेंबरात ती धास्ती गेली.

मराठीत कविता सभेत गाऊन दाखवायची रीत पुण्याच्या रविकिरण मंडळानं रुजवली; मंडळ १९२३ चं. आपले बोरीचे बाकीबाब बोरकरही कविता गाऊनच म्हणायचे. तेरेखोलपलीकडे वेंगुर्ल्यात जन्मलेले पाडगावकर. ते, विंदा करंदीकर आणि वसंत बापट वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन कविता वाचत. सभेसाठी कवी साहजिकच पहिल्याच ऐकण्यात उमगेल अशी कविता निवडतो. बँकेच्या भाषेत ते चालू खातं. मुदत ठेव पुस्तकात राहते. (पगार घेतला तिथली भाषा अजून सुटत नाही!)

पण गोव्यात निवडीचा आणखी एक पेच होता, भाषेचा. बाकीबाबांचं 'दूधसागर' मराठी, 'पांयजणां' कोंकणी. साहित्य अकादमीचा १९८१ चा पुरस्कार कोंकणी 'सासाय'ला. १९६७ चा जनमत कौल झाला, पुढे १९८७ चा राजभाषा कायदा आला. त्या दिवसांत कवी कुठली वही उघडतो, यावरून तो कुणाचा हे लोक ठरवायचे.

१९८६ साली मी डिचोलीत बदलीवर होतो. आंदोलन तापलेलं. एका संध्याकाळी कविसंमेलनात एक स्थानिक कवी (नाव नको) दोन वह्या घेऊन उठला आणि एकही न उघडता तोंडपाठ म्हणू लागला. कवितेतला बाप मराठीत जमाखर्च लिहितोय, आणि आई त्याला कोंकणीत जेवायला हाका मारतेय. संपल्यावर टाळी कोणी वाजवायची, हेच पुढच्या खुर्च्यांना कळेना. मागून एक म्हातारी म्हणाली, "परत म्हण मरे पुता."

त्यानं परत म्हटली.

दोनेक वर्षांनी त्याचा संग्रह निघाला. मी लगेच घेतला, अनुक्रमणिका दोनदा चाळली. ती कविता त्यात नव्हती.