मंचुरियनचे मोल

१/ कागलमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी चायनीजच्या गाडीवर प्रश्न एकच असतो : हाफ की फुल? काही शहरांत तेच ताट काट्यावर ठेवून वजनावर विकले जाते. या ताटामागचा इतिहास मात्र फारसा कुणी विचारत नाही.

२/ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चिनी कुटुंबे कलकत्त्यात वसली. सुतारकाम, चर्मोद्योग आणि खानावळी हे त्यांचे व्यवसाय.

३/ १९६२ च्या भारत-चीन युद्धात हीच माणसे संशयित ठरली. सुमारे ३,००० जणांना राजस्थानातील देवली छावणीत खटल्याविना डांबण्यात आले. त्यांत वृद्ध आणि मुलेही होती. सुटकेनंतर अनेकांनी देश सोडला.

४/ जे राहिले, त्या समाजातील नेल्सन वांग यांना ‘चिकन मंचुरियन’चे श्रेय दिले जाते. वर्ष १९७५, स्थळ मुंबईचा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच फोडणी. तीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस पडला. मंचुरियाशी संबंध केवळ नावापुरता.

५/ पुढे कोबीचे मंचुरियन गाड्यांवरून गावोगावी पोहोचले. देवलीतील बंदिवान आणि त्यांचे वंशज मात्र शासनाकडून माफीची मागणी करत राहिले. चव आपली झाली. ती देणाऱ्यांवरील अन्यायाची आठवणही आपल्याच इतिहासाचा भाग आहे.