मोटारीचे अंतरंग

दिमाखदार मोटारींच्या दर्जाविषयी व्याख्यानमालेत बोलायचे म्हटले की प्रथम एक शंका निघते. ज्याच्यापाशी पन्नास लाखांची गाडी घेण्याइतका पैसा आहे, त्याच्या गाडीचे बटण चिकट झाले किंवा दाराची मूठ हातात आली, तर त्याचे दुःख आम्ही का करावे? शंका रास्त आहे. पण या तक्रारीचा इतिहास नीट पाहिला तर तो श्रीमंतांच्या रुसव्याफुगव्याचा इतिहास राहत नाही. वस्तू कोण घडवतो, ती कोणासाठी घडवतो आणि ती बिघडल्यावर घेणाऱ्याचा आवाज घडवणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचतो की नाही, या प्रश्नांचा तो इतिहास होतो. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत सुटे भाग घडवणाऱ्या आमच्या नाशिककरांना हे प्रश्न परके नाहीत.

आरंभ संस्थानिकांपासून करू. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात भारी मोटार विकत घेणे याचा अर्थ आजच्याहून निराळा होता. कारखाना इंजिन, सांगाडा आणि चाके देई. वरचा डोलारा, आसने, कातडे, लाकूडकाम हे सारे दुसराच कारागीर करी. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) हे याचे ठळक उदाहरण. त्यांच्यासाठी १९३५ साली तयार झालेल्या ड्युसेनबर्ग गाडीचा सांगाडा अमेरिकेतील इंडियानापोलिसचा, आणि शरीर मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या गाडीसाजांनी घडवलेले. ज्या रसिकतेने त्यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसिउस याच्याकडून इंदूरचा माणिकबाग राजवाडा सजवून घेतला, तीच रसिकता या गाडीतही दिसते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक गाडी दसऱ्याच्या शाही सोहळ्यात निघते, तेव्हा लोक तिच्याकडे आजही कौतुकाने पाहतात, ते तिच्या वेगाकडे पाहून नव्हे. तिच्या घडणीतली निगुती त्यांना उभी करते.

या पद्धतीचा एक गुण ध्यानात ठेवावा. आसन कोणी शिवले हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे, आणि आपण कोणासाठी शिवतो हे कारागिराला ठाऊक असे. शिवण उसवली तर जाब विचारायला पत्ता होता. आपल्या तांबट आळीत घागरीला झारण नीट बसले नाही, तर बाई घागर घेऊन त्याच तांबटाच्या दारात जाऊन उभी राहत असे. त्यातलाच हा प्रकार. संस्थानिकाचा मान मोठा आणि घागरीचे मोल लहान, पण तक्रारीची वाट दोन्हीकडे सारखीच आखूड होती.

पुढे मोटार पुष्कळ प्रमाणात निघू लागली, सांगाडा आणि शरीर एकजीव झाले, आणि ही वाट लांबत गेली. आपल्याकडे ती कशी लांबली हे पाहण्यासारखे आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन बनावटीच्या आणि पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या निघू लागल्या. परकी सत्ता अंगावर असताना मोटारीचा कारखाना काढण्याचे स्वप्न पाहणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या धाडसाला आम्ही मुजराच करू. परंतु नंतरच्या काळात परवाने, आयातीवरील बंदी आणि मोजकेच कारखाने यांमुळे गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. ज्या दुकानापुढे रांग आहे त्या दुकानदाराला माल निवडून देण्याची गरज उरत नाही. नव्या गाड्यांविषयी लोकांची कुरकुर इतकी वाढली की मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी १९६७ साली सरकारला समिती नेमावी लागली. मोटारीचे दार नीट लागत नाही, पावसाचे पाणी आत येते, या गोष्टींसाठी एखाद्या सरकारला समिती बसवावी लागावी, यातच त्या काळाचे सारे अर्थशास्त्र आले. तक्रार होती, ती ऐकणारी समितीही होती. पण तक्रार करून दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नव्हती. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची छोटी गाडी रस्त्यावर आली आणि ती सोय झाली, तेव्हा कित्येक वर्षे न हललेल्या गोष्टी हलू लागल्या.

आता मूळ कोड्याकडे येऊ. टंचाईतली स्वस्त गाडी वाईट निघाली हे समजते. पण मुबलक पैसा मोजून घेतलेली वेगवान, देखणी गाडी आतून कच्ची का निघावी? ज्यांना ताशी अडीचशे किलोमीटर धावणारे यंत्र जमते, त्यांना कप्प्याचे झाकण का जमू नये?

याचे पहिले कारण आकड्यांत आहे. प्लास्टिकचा भाग ओतायचा तर पोलादी साचा लागतो. समजा, एका साच्याला वीस लाख रुपये पडले. गाड्या एक लाख निघणार असतील तर प्रत्येकीवर वीस रुपयांचा बोजा. गाड्या पाचशेच निघणार असतील तर तोच बोजा चार हजारांचा होतो, आणि अशा भागांची संख्या एका गाडीत शेकड्यांनी असते. मग थोड्या गाड्या काढणाऱ्यापुढे दोनच मार्ग राहतात : भाग हाताने फायबरमध्ये काढायचा, किंवा दुसऱ्याच्या स्वस्त गाडीतून उसना आणायचा. दुसरा मार्ग भल्याभल्यांनी धरला. ॲस्टन मार्टिन हे इंग्लंडचे केवढे मानाचे नाव. पण ती कंपनी फोर्डच्या ताब्यात असताना १९९४ पासून निघालेल्या डीबी-७ या गाडीचे मागचे दिवे माझदाच्या साध्या गाडीतून घेतलेले होते. पैठणीला बाजारातला तयार फॉल लावावा तसे हे झाले. फॉल लावण्यात पाप नाही. पण पैठणीचे मोल घेतलेल्याने तो दिसू देऊ नये.

दुसरे कारण हवामान आणि रसायन. १९९० नंतरच्या काही फेरारी गाड्यांत आतील बटणांना आणि पट्ट्यांना हाताला मऊ लागणारा एक लेप दिलेला असे. दुकानात गाडी पाहताना बोट फिरवले की मन प्रसन्न होई. पण हा लेप पॉलियुरेथेनचा. हवेतील ओल आणि उष्णता यांनी त्याचे रेणू हळूहळू तुटतात आणि काही वर्षांत तो गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. इंजिन ठणठणीत, आणि बटण दाबले की बोट काळे! आमच्याकडे वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या काचेमागे काय भट्टी पेटते आणि मागोमाग चार महिने पावसाची ओल कशी मुरते, हे नाशिककरांना सांगायला नको. दुसऱ्या देशाच्या हवेत पारखलेली वस्तू येथे आणली म्हणजे ती येथल्या हवेत टिकेलच, असे नसते.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या भूमीवरही अशा गाड्या काढण्याचे प्रयत्न झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या छताची गाडी काढली. आराखडा फ्रान्समधला, शरीर फायबरचे, इंजिन रेनोचे ११४९ घनसेंटिमीटरचे, ताकद सुमारे साठ अश्वशक्ती. दिसायला खेळकर, पण मोजक्याच लोकांनी घेतलेली. पुढे २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने ‘अवंती’ मांडली. रेनोचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन, २५० अश्वशक्ती, किंमत पस्तीस लाखांच्या घरात. भारतीय बनावटीची वेगवान गाडी म्हणून तिचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु गाडी चालवून पाहणाऱ्या समीक्षकांनी पत्र्यांची जुळणी आणि आतली सफाई यांवर बोट ठेवले. येथे एक विचित्र योग दिसतो. इतरांच्या गाड्यांचा अंतर्भाग आलिशान दिवाणखान्यासारखा सजवून देण्यासाठीच या संस्थेची ख्याती होती. म्हणजे कौशल्याचा तुटवडा नव्हता. एक गाडी मन लावून सजवणे ही एक विद्या, आणि शंभर गाड्यांच्या शंभर दारांना नेमकी तेवढीच फट ठेवणे ही दुसरी. पहिलीसाठी उत्तम हात लागतो. दुसरीसाठी उत्तम हात असलेल्या माणसालाही मापाच्या शिस्तीत बांधून घ्यावे लागते.

ही शिस्त येऊ शकते का? येऊ शकते, आणि त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आज आपल्याशीच नाते जोडून आहे. इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीने १९६१ साली जिनिव्हा येथे ई-टाइप ही गाडी दाखवली, तेव्हा तिच्या रूपाने जग थक्क झाले. पण पुढच्या दशकात, ब्रिटिश लेलँडच्या अवाढव्य कारभारात, जॅग्वारचे नाव बिघाडांशी जोडले गेले. विजेची जोडणी, काचा, कुलपे, रंग यांपैकी काय केव्हा दगा देईल याचा नेम नसे. १९८० साली जॉन ईगन हे गृहस्थ प्रमुख म्हणून आले. त्यांनी गाडीतील दोषांची यादी करवली, आणि असे निघाले की निम्म्याहून अधिक दोष बाहेरून विकत घेतलेल्या सुट्या भागांचे आहेत. तेव्हा त्यांनी पुरवठादारांना कळवले, की तुमचा भाग बिघडला तर गिऱ्हाइकाला भरून देण्याचा खर्च तुम्ही सोसायचा. पाहता पाहता भाग सुधारले, विक्री वाढली, आणि १९८४ साली कंपनी पुन्हा स्वतंत्रपणे उभी राहिली. पुढे ती फोर्डकडे गेली आणि २००८ साली टाटांनी ती विकत घेतली. ज्या मुंबईत कुर्ल्याच्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत, त्या मुंबईच्या उद्योगसमूहाकडे इंग्लंडच्या अभिमानाच्या गाडीची मालकी आली. तेव्हा त्या गाडीचे बटण बिघडले तर ती आता आपल्याही अब्रूची गोष्ट झाली आहे.

ईगन यांनी केले ते काय? नवे यंत्र शोधले नाही. होळकरांच्या काळी जी वाट आखूड होती आणि मध्यंतरी हरवली होती, ती त्यांनी पुन्हा बांधली. बिघाडाची झळ, तो भाग ज्याने घडवला त्याच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवली. जपानच्या होंडाने १९९० मध्ये एनएसएक्स ही वेगवान गाडी रोजच्या वापराइतकी विश्वासू करून दाखवली, आणि वेग हवा तर दुरुस्तीचा ताप सोसलाच पाहिजे, ही समजूत खोटी ठरवली.

आपल्या देशात हीच वाट कायद्यानेही बांधली जात आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला मंचापुढे उभे राहता आले. मारुतीच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वॉरंटीत भाग बदलून देण्याचे वचन असेल तर त्यातून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणजे घेणाऱ्यालाही मर्यादा आहे. उलट जुलै २०२४ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांविषयीच्या खटल्यांत, कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी ही व्यापारी उपयोगाची, सबब तक्रारीचा हक्क नाही, हा बचाव त्याच न्यायालयाने मानला नाही. त्यांतील एक तक्रार गाडीच्या आतील मधला उंचवटा बेसुमार तापतो अशी होती, आणि दुसरी अपघातात सुरक्षेच्या हवापिशव्या उघडल्या नाहीत अशी. चिकट बटणाला हसणाऱ्यांनी ही दुसरी तक्रार विसरू नये. अंतर्भाग म्हणजे केवळ शोभा नव्हे; माणूस बसतो तो तेथेच.

आता नाशिककडे वळू. सातपूरच्या मायकोत डिझेल इंजिनांचे नोझल घडले. केसाच्या जाडीचाही छोटासा अंश तेथे चूक ठरतो. याच शहरातील महिंद्राच्या कारखान्यात २००७ पासून रेनोची लोगन गाडी निघू लागली. तिची रचना पाहा. डॅशबोर्ड एकसंध ओतलेला, डाव्या-उजव्या बाजूच्या आरशांचा घाट एकच, काचा जवळजवळ सपाट. तिला सुंदर कोणी म्हटले नाही. पण तिने जेवढे वचन दिले तेवढे पाळले, आणि टॅक्सीवाल्यांनी तिला आपलेसे केले. त्याच महिंद्रा समूहाने २०१५ साली इटलीची पिनिनफारिना ही नामांकित रेखनसंस्था घेण्याचा करार केला, आणि २०१९ मध्ये त्या नावाची ‘बत्तिस्ता’ ही दीडशेच्या आतबाहेर संख्येची, अतिवेगवान विजेची गाडी जगापुढे आली. लोगन आणि बत्तिस्ता ही एकाच घरातली दोन टोके. पहिलीने थोडे बोलून ते खरे केले. दुसरीसारख्या गाड्या पुष्कळ बोलतात. तितके खरे करून दाखवणे हीच त्यांची परीक्षा.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. महाग गाडीतील कच्च्या कामाची चीड ही हसण्यावारी नेऊ नये. ती तांबट आळीत घागर परत घेऊन येणाऱ्या बाईच्याच जातीची आहे. अंबडच्या एखाद्या शेडमध्ये साच्यातून निघालेल्या भागाची कड जो कामगार घासतो, त्याला तो भाग कोठे बसणार आहे हे सांगितले, बिघाडाचा कागद त्याच्यापर्यंत नेला, आणि चांगल्या कामाचे दाम त्याच्या हाती ठेवले, तर पुढल्या पिढीतील उत्तम गाडीचे अंतरंग कदाचित येथेच घडेल. बाहेरचा रंग पाहुण्यासाठी असतो. आतली शिवण घरच्या माणसासाठी. जो देश आतली शिवण नीट घालतो, त्याच्या मालाला जाहिरातीची फारशी गरज पडत नाही.